कोलोरॅडोत पहिला एल्क टॅग: अर्ज भरण्यापूर्वी

एल्क म्हणजे मोठे हरीण, आणि टॅग म्हणजे असे एक जनावर मारण्याचा परवाना. नवखे शिकारी बहुधा आधी युनिट (शिकारीसाठी आखलेला क्रमांकित भूभाग) ठरवतात आणि मग त्याचा टॅग मिळतो का ते पाहतात. आमचा आग्रह उलट क्रमाचा आहे: आधी हत्यार आणि तारखा, मग नर की मादी, आणि शेवटी युनिट.

वायव्येकडची २, १० आणि २०१ ही युनिट मोठ्या शिंगांसाठी नावाजलेली आहेत. तिथे नराच्या रायफल टॅगला २० हून अधिक प्रेफरन्स पॉइंट (टॅगच्या सोडतीत अग्रक्रम देणारे गुण) लागतात. वर्षाला एकच पॉइंट मिळतो आणि रांगेत पुढे असलेल्यांचेही पॉइंट वाढतच असतात. आज सुरुवात करणाऱ्याने त्या आशेवर थांबू नये. पहिल्या हंगामासाठी मादीचा टॅग घ्या. तो बऱ्याच युनिटमध्ये कमी पॉइंटवर, कधी शून्यावरही मिळतो. शिवाय नरासाठी अनेक युनिटमध्ये एका शिंगाला किमान चार टोके किंवा कपाळाजवळचे पाच इंची टोक (ब्राउ टाइन) असावे लागते, ती मोजणी मादीच्या टॅगला करावी लागत नाही.

अर्ज

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्र लागते. सोडतीपूर्वी एक पात्रता लायसन्सही घ्यावे लागते, उदाहरणार्थ लहान प्राण्यांच्या शिकारीचे वार्षिक. मुख्य सोडतीची मुदत साधारणपणे एप्रिलच्या सुरुवातीला संपते. निवासी दर मिळायला राज्यात सलग सहा महिने राहिलेले असावे लागते. बाहेरच्यांची फी त्याच्या दहापटीच्या आसपास जाते.

अर्जात चार पसंती भरता येतात. पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिली पसंती लागली तर, आणि मग एल्कचे सगळेच शून्यावर येतात. म्हणून पहिल्या पसंतीत नुसत्या पॉइंटचा कोड (ई-पी-९९९-९९-पी) आणि दुसऱ्या पसंतीत मादीचा टॅग भरा. टॅग लागला तरी पॉइंट जमा होतो.

हंट कोड अक्षर न् अक्षर तपासा. ई-एफ-०१२-ओ२-आर म्हणजे एल्क, मादी, युनिट १२, दुसरा रायफल हंगाम, रायफल. हंगामाच्या जागी 'पी' असेल तर तो टॅग फक्त खाजगी जमिनीवर चालतो. ओळखीचा रँच नसेल, तर असा टॅग हातात असूनही शिकारीला जागा नसते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

युनिट

राज्याचा वन्यजीव विभाग युनिटवार यशाची टक्केवारी छापतो. ती एकटी पाहू नका. शिकारी किती होते आणि आकड्यात खाजगी जमिनीचे टॅग मिसळले आहेत का, हेही बघा. मग नकाशावर नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमची (केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची) सलग जमीन शोधा. इथे जमीनमालकावर कुंपण घालण्याची किंवा पाटी लावण्याची सक्ती नाही, हद्द ओळखणे तुमचे काम आहे. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा हवाच, कारण दऱ्यांत रेंज नसते.

हंगामानुसार जागाही बदलते. ऑक्टोबरात कळप उंच रानात असतात. नोव्हेंबरात जोराचा बर्फ पडला की ते खाली, अनेकदा खाजगी कुरणांत उतरतात. उशिराचा टॅग घेतलात, तर युनिटच्या खालच्या भागात सरकारी जमीन आहे ना, हे आधी बघा.

पूर्ण वाढीच्या मादीचे हाडांविना मांस साधारण ६० ते ७० किलो भरते. २० किलोच्या खेपा धरल्या, तर गाडीपासून तीन किलोमीटरवर पाडलेल्या एल्कसाठी चार खेपा आणि २१ किलोमीटर चाल (पहिली खेप एकेरी, बाकी जाऊन-येऊन) होते, तीही आठ-दहा हजार फुटांवर. दोघेच असाल, तर गाडीपासून दोन किलोमीटरच्या आतच शिकार करा. खाण्यायोग्य मांस टाकून येणे गुन्हा आहे आणि उबदार दिवशी ते लवकर खराब होते.

व्हिसावर असाल तर

एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध हंटिंग लायसन्स हा त्याला अपवाद आहे. म्हणून लायसन्स हातात येईपर्यंत रायफल विकत घेऊ नका आणि सरावासाठी उसनीही घेऊ नका.