‘हॉलिडे इन’च्या सहा तबकड्या

सिनेमा आधी येतो, गाणी गाजतात आणि मग त्यांची रेकॉर्ड निघते, असा आपला साधारण समज असतो. 1942 मध्ये अमेरिकेत गायक-नट बिंग क्रॉस्बीच्या ‘हॉलिडे इन’ या संगीतपटाच्या बाबतीत क्रम उलटा होता. डेक्का या रेकॉर्ड कंपनीने गाण्यांचा संच जुलैमध्ये बाजारात आणला, तर न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये चित्रपट झळकला तो 4 ऑगस्टला. शिवाय त्या संचातलं ध्वनिमुद्रण चित्रपटातलं नव्हतंच. आज जगभर डिसेंबरात वाजणारं, याच चित्रपटातलं ‘व्हाइट ख्रिसमस’ समजून घ्यायचं तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी.

तेव्हाचा ‘अल्बम’ खरोखरच फोटोंच्या अल्बमसारखा असे. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आत कागदी पाकिटं शिवलेली आणि प्रत्येक पाकिटात मिनिटाला 78 फेऱ्यांची एक तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. ‘हॉलिडे इन’च्या संचात अशा सहा तबकड्या, म्हणजे बारा बाजू, बारा गाणी होती. गीत-संगीत सगळं अर्व्हिंग बर्लिनचं. काही गाणी क्रॉस्बीची, काही सहनायक फ्रेड अस्टेअरची, तर एका गाण्यात दोघं एकत्र. दर तीन मिनिटांनी उठून तबकडी उलटायची, हाच तेव्हा घरी बसून संगीतपट ऐकण्याचा रिवाज.

ही वेगळी ध्वनिमुद्रणं करावी लागत, कारण चित्रपटाचा ध्वनी स्टुडिओच्या मालकीचा आणि फिल्मवरचा असे. गायकाचा करार मात्र रेकॉर्ड कंपनीशी असे. त्यामुळे गायक पुन्हा एकदा मायक्रोफोनसमोर उभा राहायचा, बहुधा वेगळ्या वाद्यवृंदासोबत आणि वेगळ्या मांडणीने. ‘व्हाइट ख्रिसमस’चंच पाहा. पडद्यावर क्रॉस्बी पियानोपाशी बसलेला आहे, हातातल्या पाइपने ख्रिसमसच्या झाडावरच्या घंटा वाजवतो आणि मार्जरी रेनॉल्ड्स त्याच्यासोबत गाते. तो तिचा आवाज नाही, तो मार्था मिअर्सचा. पार्श्वगायन ही आपलीच खासियत मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तबकडीवर मात्र हे द्वंद्वगीत उरलंच नाही. 29 मे 1942 रोजी जॉन स्कॉट ट्रॉटरचा वाद्यवृंद आणि केन डार्बीचे कोरस गायक यांच्यासह क्रॉस्बीने ते एकट्याने गायलं. लोकांच्या कानात बसलं ते हे रूप.

क्रॉस्बीच्या गाण्याची तऱ्हाच मायक्रोफोनमुळे घडली होती. 1925 पर्यंत गायकाला कर्ण्यासमोर पूर्ण छाती लावून गावं लागे. विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यावर हळू, जवळ येऊन, जणू एकाच माणसाशी बोलावं तसं गाता येऊ लागलं. हेच क्रूनिंग. अनेकांना ते असभ्य वाटलं. बोस्टनच्या कार्डिनल ओकॉनेल यांनी 1932 मध्ये त्याचा जाहीर निषेध केला होता. क्रॉस्बीचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार, आणि त्याला जॅझची लय ठाऊक होती, म्हणून तो त्या वादातून सहज पुढे निघून गेला. 1934 मध्ये अमेरिकन डेक्का उभी राहिली तेव्हा तिचे प्रमुख जॅक कॅप यांनी त्याला आपल्याकडे आणलं. इतर कंपन्यांच्या नामांकित तबकड्या 75 सेंटला असताना डेक्काने 35 सेंटला विकायला सुरुवात केली. मंदीच्या काळात त्या आवाजाला घराघरांत पोचवण्यात त्या किमतीचा वाटा फार मोठा आहे.

संच निघाला तो काळही चमत्कारिक होता. चित्रीकरण चालू असतानाच पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि सण-सुट्ट्यांवर बेतलेल्या या चित्रपटातल्या 4 जुलैच्या, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यदिनाच्या, प्रसंगात सैन्याची दृश्यं घातली गेली. त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांतच, 25 डिसेंबर 1941 च्या गुरुवारी, ‘क्राफ्ट म्युझिक हॉल’ या आपल्या रेडिओ कार्यक्रमात क्रॉस्बीने ‘व्हाइट ख्रिसमस’ पहिल्यांदा लोकांना ऐकवलं. घरापासून दूर निघालेल्या सैनिकांच्या काळात ते गाणं घरच्या आठवणीचं होऊन बसलं. लिहिणारा बर्लिन स्वतः रशियन साम्राज्यात जन्मलेला ज्यू, पाच वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला. 1928 च्या नाताळच्या दिवशी त्याचा तान्हा मुलगा दगावला होता. गाण्याची मूळ सुरुवात लॉस एंजेलिसच्या बेव्हर्ली हिल्समधल्या उन्हाची आणि ताडामाडांची आहे. तबकडीतून ती गाळली. माझ्या मते गाण्याचं भलं त्यानेच झालं: ठिकाण गेलं आणि ओढ तेवढी राहिली.

तबकडी बनवायला लाख, म्हणजे झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी राळ, लागे आणि ती मुख्यतः भारतातून जाई, छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांत पळस, बोर, कुसुम या झाडांवरून गोळा होणारी. युद्धाने समुद्रमार्ग अडले, लाख युद्धसामग्रीलाही हवी होती. एप्रिल 1942 मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर कडक कपात लावली आणि लोकांना जुन्या तबकड्या परत द्यायला सांगितलं जाऊ लागलं. त्यात 1 ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली. जेम्स पेट्रिलो तिचे अध्यक्ष होते. म्हणजे हा संच या बंदीआधीच झाला नसता तर डेक्काला तो वाद्यवृंदासह करायला 1943 च्या सप्टेंबरात तडजोड होईपर्यंत थांबावं लागलं असतं.

सुरुवातीला सगळ्यांच्या नजरा संचातल्या व्हॅलेंटाइन डेच्या ‘बी केअरफुल, इट्स माय हार्ट’कडे होत्या. ऑक्टोबरअखेर ‘व्हाइट ख्रिसमस’ विक्रीत पहिलं आलं आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच राहिलं. 1942 चं उत्कृष्ट गीताचं ऑस्कर बर्लिनला मिळालं. त्या सोहळ्यात पाकीट उघडायचं कामही त्याच्याकडेच होतं. 1945 मध्ये डेक्काने हे गाणं ‘हॉलिडे इन’मधून उचलून क्रॉस्बीच्या ‘मेरी ख्रिसमस’ या वेगळ्या संचात घातलं आणि तेव्हापासून त्याचं नातं चित्रपटापेक्षा सणाशी जास्त जडलं. तबकड्या छापता छापता मूळ साचा झिजला, म्हणून मार्च 1947 मध्ये ट्रॉटर आणि डार्बी यांनाच घेऊन ते पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. आज बहुतेक ठिकाणी ऐकू येतं ते हेच दुसरं. गिनेस बुकाच्या अंदाजाने क्रॉस्बीच्या या गाण्याच्या 5 कोटींहून अधिक प्रती खपल्या.

1954 मध्ये ‘व्हाइट ख्रिसमस’ याच नावाचा चित्रपट आला, तेव्हा जुनी अडचण पुन्हा उभी राहिली. नायिका रोझमेरी क्लूनी कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी बांधलेली, त्यामुळे डेक्काच्या संचात तिच्या जागी पेगी ली गायली आणि क्लूनीने कोलंबियासाठी तीच गाणी स्वतंत्र संचात गायली. क्रॉस्बी आणि क्लूनीचे पडद्यावरचे आवाज एकत्र असलेली रेकॉर्ड त्या वेळी दुकानात मिळतच नव्हती.