मनगट म्हणतं अठरा, कॉलरबोन म्हणतं थांब

अमरावती जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडा, अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा निघेल. गुरुजींनी अंदाजे टाकलेली तारीख. एसटी स्टँडवर सापडून बालगृहात आलेल्या मुलाजवळ तर तेवढीही नसते. त्याच्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम 94 आधी शाळेचा दाखला मागतं, मग जन्मदाखला, आणि दोन्ही नसले की हाडांना विचारतं.

लांब हाडांच्या टोकांशी वाढत्या वयात कूर्चेची पट्टी असते. एक्स-रेत ती काळी रेघ दिसते. कूर्चेचं हाड होत गेलं की रेघ बुजते. कोपरात आधी, मनगटात सतरा-अठराच्या सुमारास, कंबरेच्या हाडाच्या कडेला विशीच्या आगेमागे. कॉलरबोनचं, म्हणजे खांद्यापासून छातीपर्यंतच्या गळ्याखालच्या हाडाचं, छातीकडचं टोक सगळ्यांत उशिरा जुळतं, तेही विशी उलटल्यावर. त्यात पोटभर न मिळालेल्या पोराची हाडं मागे पडतात. कोर्टंसुद्धा या अंदाजाला दोन वर्षं इकडेतिकडे सूट देतात. अठरा भरले की बालगृह सोडायचं, आणि फाटक ओलांडायचा तो दिवस मात्र याच अंदाजावरून पक्का होतो!

मेंदूचं गणित आणखी लांबतं. कपाळामागचा भाग आवर घालतो, पुढचा विचार करतो. तिथल्या मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन चढणं आणि नको असलेल्या जोडण्यांची छाटणी विशीतही चालू असते. पंचविसावं वर्ष म्हणजे काही जादूची रेघ नव्हे, माणसागणिक फरक पडतो. पण एक गोष्ट अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसली आहे. शांत बसवून विचारलं तर सोळा वर्षांचं पोरही मोठ्यांइतकाच नीट विचार करतं. राग, भीती, मित्रांचा गराडा आला की तोल जातो, आणि तो सांभाळायला विशी उजाडते.

माझ्या ओळखीचा एक मुलगा बालगृहातून निघून जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागला. तिसऱ्या महिन्यात पगाराच्या दोन दिवस आधी काम सोडून आला, हिशेबही न घेता. "मुकादम मायवरून बोलला," एवढंच त्याचं म्हणणं. घरचं पोर अशा वेळी पाय आपटत घरी जातं, जेवतं, झोपतं, आणि सकाळी बाप मुकादमाकडे जाऊन येतो. कपाळामागचा आवर कच्चा असेपर्यंत घरातलं मोठं माणूस तो उसना देत असतं. याला घर नव्हतं. तो दोन रात्री परतवाड्याच्या स्टँडवर झोपला.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा संशोधकांनी दशकानुदशकं घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशी अनेक संकटं एकदम वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, जबाबदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात भरवशाचं निदान एक मोठं माणूस होतं. आईवडीलच असले पाहिजेत असं नव्हतं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. किशोरवयात वाट चुकलेल्यांतलेही बरेच जण विशी-तिशीत सावरले. शिक्षणाची, नोकरीची दुसरी संधी तेव्हा मिळाली म्हणून.

आपल्या कायद्यात ही संधी आहे. कलम 46 अठरा पूर्ण झालेल्यांना मदत देतं. 2016 चे नियम ती एकविसाव्या, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत नेतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलांसाठी महिना 4,000 रुपये आहेत, आणि महाराष्ट्रानं 2018 मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं. पण अर्ज, शिफारस, बँकेतली न जुळणारी सही हे सगळं त्याच अठरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं निभवायचं.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग बेवारस मुलांबाबत ही अठराची अटच मानली नाही. पोरं मोठी झाली तरी तिथेच राहिली, आणि तसा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं भांडत आले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जिनिंगच्या पोरानं तिसऱ्या दिवशी बालगृहातल्या जुन्या मॅडमना फोन लावला. नियमानं त्यांचा त्याच्याशी संबंध संपला होता. मुकादमाशी त्या बोलल्या, हिशेबही मिळाला, पण ते नंतर. फोनवर आधी विचारलं, "जेवला का रे बाळा?"

"नाई," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ दोघंही बोलले नाहीत.