नागपुरात राज्यशास्त्रात एम.ए.: प्रवेशाची कागदपत्रे आणि पुढील परीक्षांची पात्रता

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातील राज्यशास्त्राचा एम.ए. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा आहे. प्रवेशासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी ही मूळ अट असून ऑनलाइन अर्ज भरण्यास फारसा वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो दाखले जमवण्यात.

दहावी, बारावी व पदवीच्या गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार ही नेहमीची कागदपत्रे होत. शिक्षणात खंड पडला असल्यास त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र जोडावे. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना लागणारे स्थलांतर प्रमाणपत्र मात्र हमखास विसरले जाते. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे 2011 पासून गोंडवाना विद्यापीठाकडे असल्याने, नागपूर आपलेच समजणाऱ्या तेथील पदवीधरांनाही ते लागते.

नावातील तफावत ही दुसरी अडचण. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा शेवटी. एवढ्या फरकाने सहसा अडत नाही, परंतु विवाहानंतर आडनाव बदललेल्या विद्यार्थिनींनी राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत हाताशी ठेवावी.

आरक्षणासाठी जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्रही लागते. त्याची 8 लाखांची वार्षिक उत्पन्न मर्यादा ऐकून अनेक पालक अर्जच करत नाहीत. वास्तविक वेतन व शेतीचे उत्पन्न या मर्यादेत धरले जात नाही; आईवडिलांच्या पदाचा दर्जा मात्र स्वतंत्रपणे तपासला जातो.

सहायक प्राध्यापक व्हायचे असल्यास नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गात 55 टक्के, तर आरक्षित प्रवर्गांत 50 टक्के गुण आवश्यक असतात. येथे एक सूचना: नेट व केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातील वेगळे काढावे लागते, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते.

नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी पुरते. तरीही राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतल्यास प्रत्येकी 250 गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांसाठी एम.ए.चे वाचन थेट कामी येते. जुन्या मॉरिस कॉलेजच्या परिसरातील शासकीय पूर्व प्रशिक्षण केंद्राचा प्रवेश स्वतंत्र परीक्षेद्वारे होतो, त्यामुळे त्याच्या जाहिरातीवर आधीपासून लक्ष ठेवावे. पत्रकारिता किंवा संसदीय कामकाजाकडे ओढा असणाऱ्यांना हिवाळी अधिवेशन घरबसल्या मिळते. सभागृहाच्या प्रेक्षागॅलरीसाठी प्रवेशपत्रिका लागते, ती मिळवण्याची खटपट अधिवेशनाची तारीख जाहीर होताच सुरू करावी.