डिझेल गाडी घ्यायची, पण रनिंग कसलं आहे?

सांगलीत किंवा साताऱ्यात कुणी नवी गाडी बघतोय असं कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रनिंग किती आहे तुमचं?" महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर असं उत्तर आलं की डिझेल, त्याहून कमी असेल तर पेट्रोल. हा हिशेब आपल्याकडे प्रत्येक मेहुण्याला तोंडपाठ असतो, आणि एके काळी तो बरोबरही होता. 2012 च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात लिटरमागे 25 रुपयांहून जास्त फरक होता. पेट्रोलचे दर सरकारने जून 2010 मध्ये मोकळे केले होते, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 मध्ये. मधल्या काळात डिझेल गाडी म्हणजे सरकारी अनुदानावर पळणारी गाडी होती. आता तो फरक तेरा-चौदा रुपयांवर आलाय, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर डिझेल गाडीच्या पोटात अशी काही यंत्रं बसली आहेत, की नुसतं "किती" विचारून भागत नाही.

पण आधी मुळात डिझेल कमी का पितं ते बघू.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवलं जातं. फार दाबलं तर ते ठिणगीआधीच पेटून इंजिन ठोके देऊ लागतं, म्हणून दाबण्यावर मर्यादा येते: साधारण दहा-बारा पट. डिझेल इंजिन नुसती हवाच दाबतं, पंधरा-सोळा पट किंवा त्याहूनही जास्त. इतकी दाबलेली हवा 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. जितकं जास्त दाबाल, तितका पेटलेल्या वायूला नंतर पसरायला वाव मिळतो आणि उष्णतेतला जास्त वाटा चाकापर्यंत पोचतो. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याची कार्यक्षमता सुमारे 26 टक्के होती. त्या काळची वाफेची इंजिनं याच्या निम्म्यालाही क्वचितच पोचत.

दुसरं कारण फारसं बोललं जात नाही, पण गावातल्या ड्रायव्हिंगमध्ये तेच महत्त्वाचं. पेट्रोल इंजिनाला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण जवळपास ठरलेलं ठेवावं लागतं: एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण साडेचौदा भाग हवा. त्यामुळे ताकद कमी हवी असेल तर हवाच कमी करावी लागते. ते काम थ्रॉटलची झडप करते. अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढताना इंजिनाची काही ताकद फुकट जाते. डिझेल इंजिनाला ही अडचण नाही. हवा नेहमी भरपूर घ्यायची आणि डिझेल मात्र लागेल तेवढंच फवारायचं. त्यामुळे हळू चालताना, सिग्नलला थांबल्यावर, हलक्या पायाने गाडी चालवताना दोन्ही इंजिनांतला फरक सर्वांत जास्त दिसतो.

आता एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज जास्त दिसतं त्याचं पूर्ण श्रेय इंजिनाला नाही, लिटरलाही आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा दाट असतं. एका लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते, तर पेट्रोलमध्ये 32. त्यात आता पंपावरचं पेट्रोल 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलच्या लिटरमध्ये जेमतेम 21 मेगाज्यूल, म्हणजे मिश्रण 30 च्या आसपास येतं. आपल्या भागात हे सांगताना जरा जपूनच बोलावं लागतं. इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतूनच ते इथेनॉल निघतं आणि ऊस घालणाऱ्याच्या बिलाचा त्याच्याशी संबंध असतो. पण ऊर्जेचा हिशेब ऊस कुणाचा ते बघत नाही. समजा पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला 14 किलोमीटर देते आणि तीच गाडी डिझेलमध्ये 19. फरक 36 टक्क्यांचा. त्यातले जवळपास 20 टक्के नुसत्या लिटरच्या दाटपणाचे. इंजिनाची खरी कमाई उरलेली, बारा-तेरा टक्के (इथे वजाबाकी नाही, 1.36 ला 1.2 ने भागायचं). धूर मोजतानाही हे लक्षात ठेवायला हवं, कारण एक लिटर डिझेल जळून सुमारे 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि एक लिटर शुद्ध पेट्रोल जळून 2.3 किलो.

जाहिरातीत छापलेलं अ‍ॅव्हरेज या हिशेबात धरू नये. ते प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे काढलेलं असतं. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला ते ठीक आहे, महिन्याचं बजेट मांडायला नाही.

आता पैसे. पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 91 रुपये धरू. तुमच्या पंपावरचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल. वरच्या अ‍ॅव्हरेजने पेट्रोल गाडी किलोमीटरला 7 रुपये 43 पैसे खाते, डिझेल 4 रुपये 79 पैसे. बचत 2 रुपये 64 पैसे. ऐकायला चांगली वाटते. पण पेट्रोलची गाडी 12 लाखांची असेल तर डिझेलची साडेतेरा, असं समजू. महाराष्ट्रात या टप्प्यात पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 12 टक्के आणि डिझेलला 14 टक्के, म्हणजे तिथेच आणखी 45 हजार गेले. इन्शुरन्स धरला की ऑन-रोड फरक दोन लाखांवर जातो.

दोन लाखांना 2.64 ने भागून लोक 76 हजार किलोमीटर असं उत्तर काढतात आणि खूश होतात. हा भागाकार अर्धवट आहे, कारण ते दोन लाख कर्जाचे असतात, किंवा बँकेतून मोडलेल्या ठेवीचे. 9 टक्के व्याज धरलं तर पहिल्या वर्षीच 18 हजार. तेवढं व्याज फेडायलाच जवळपास सात हजार किलोमीटर चालवावी लागते. ज्याचं वर्षाचं रनिंग सात हजार आहे, त्याचे दोन लाख कधीच वसूल होत नाहीत. गाडी भंगारात जाईल तरी नाहीत. बारा हजार असेल तर दहाव्या वर्षी हिशेब जुळतो. वीस हजारांना पाचव्या वर्षी, तीस हजारांना तिसऱ्या वर्षाअखेर. सर्व्हिसिंगचा जादा खर्च यात धरलेलाच नाही. म्हणून माझ्या मते वर्षाला पंधरा हजारांच्या खाली असणाऱ्याने डिझेलचा विषय पैशासाठी तरी काढू नये. गाडीचा दम आवडतो म्हणून घ्यायची असेल तर ती वेगळी गोष्ट, हौसेला हिशेब लावायचा नसतो.

पण वर्षाचे वीस हजार किलोमीटर दोन प्रकारे होतात, आणि खरी गोम इथे आहे.

एक हळदीचा व्यापारी घ्या, जो जवळपास दर आठवड्याला एकदा सांगलीहून पेठ नाक्याला जाऊन हायवे धरतो आणि पुण्याला जाऊन येतो. आणि एक डॉक्टर घ्या, ज्यांची दिवसभर विश्रामबाग, गावभाग, मिरज, परत विश्रामबाग अशी दहा-दहा मिनिटांची पळापळ चालते. महिन्याअखेर दोघांचं रनिंग सारखं भरेल. डिझेल गाडीच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगं आहेत.

बीएस-6 डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा जाळीदार सिरॅमिकचा फिल्टर असतो. काजळी त्यात अडकते. बीएस-4 मध्ये कारला किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-6 ने ती साडेचारवर आणली. फिल्टरशिवाय ते जमत नाही. अडकलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी फिल्टर 600 अंशांच्या आसपास तापावा लागतो. इथे डिझेलचा गुणच आड येतो. उष्णतेतला जास्त वाटा चाकाला दिला आणि भरपूर जादा हवा आत घेतली, म्हणून त्याचा धूर मुळातच थंड असतो. गावात हळू चालताना तो दोन-अडीचशे अंशांच्या वर फारसा जात नाही. ज्या परिस्थितीत इंजिन सर्वांत काटकसरीने चालतं, नेमकं तेव्हाच फिल्टर थंड राहतो आणि भरत जातो.

मग गाडीचा संगणक उपाय करतो. सिलिंडरमधला स्फोट होऊन गेल्यावर थोडं जादा डिझेल फवारतो, ते पुढे धुरातल्या उत्प्रेरकावर जळतं आणि फिल्टर तापतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी एका लयीत चालली की काम होतं. साताऱ्याहून कराडला हायवेने जाणाऱ्याला हे घडल्याचं कळतही नाही. पोवई नाक्यावरून राजवाड्याला जाणारा मात्र मध्येच चावी फिरवून उतरतो. काम अर्धवट राहतं आणि फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. असं वारंवार झालं की ऑइल पातळ होतं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि तो दिवा दुर्लक्षित राहिला तर गाडी ताकद कमी करून घेते. नवीन डीपीएफची किंमत ऐकल्यावर वाचवलेलं डिझेल विसरायला होतं.

बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत आणखी एक टाकी असते, युरियाच्या द्रावणाची. त्यात साडेबत्तीस टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजन आणि पाण्यात होतं. आपल्याकडे युरियाची गोणी प्रत्येकाच्या शेडमध्ये असते, त्यामुळे "घरीच बनवू की" हा विचार मनात येणारच. तो तिथेच सोडावा. 2015 पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर सक्तीचा आहे. तो थर आणि खतातल्या इतर अशुद्धी उत्प्रेरक कायमचा बाद करू शकतात.

राहिला घाट. महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा साडेसहाशे मीटर उंच आहे. माणसांसकट दीड टन वजनाची गाडी तेवढी वर न्यायला साडेनऊ मेगाज्यूल लागतात. इंजिनाची कार्यक्षमता धरून डिझेलला या चढाईसाठी पाऊण लिटर जादा जळतं आणि पेट्रोलला लिटरभर. पाव लिटरचा फरक काही फार नाही. घाटात जो दम जाणवतो तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा. दोन्हीकडे दीड लिटरचं, 115 अश्वशक्तीचं इंजिन असलं, तरी डिझेल पंधराशे आरपीएमलाच 250 न्यूटन-मीटर देतं, आणि टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन साडेचार हजारांवर ओरडायला लागल्यावर 144. वर हवाही समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 12 टक्के विरळ असते. डिझेलचा टर्बो ती तूट भरून काढतो, साधं पेट्रोल इंजिन काढू शकत नाही. केळघर किंवा पसरणीचा घाट भरल्या गाडीने नेहमी चढणाऱ्याला हा फरक पटतो, आणि फिल्टरही अशा चढावर मस्त तापतो.

थोडक्यात, रोज अर्धा-पाऊण तास सलग रस्ता असेल आणि वर्षाला वीस हजारांच्या पुढे रनिंग असेल, तर डिझेल आजही घेण्यासारखं आहे. गावातल्या गावात पळापळ जास्त असेल तर सीएनजी बघा, आणि बजेट मोठं असेल तर हायब्रीड, कारण ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत परत घेते.

जुनी बीएस-6 डिझेल घेताना मीटरवरच्या आकड्याइतकंच पहिल्या मालकाचं रनिंग कसलं होतं ते विचारा. विकणारा खरं सांगेलच असं नाही, म्हणून सपाट जागेवर, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून डिपस्टिक काढा. पुसून परत घाला आणि बघा. जुन्या गाडीत ऑइल कमी झालेलं असणं समजू शकतं. ते वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी हायवेला चालली आहे असं कुणी कितीही सांगो, ती घेऊ नका.