आजीचे पाय का सुजतात?

परवा इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी, भाची लॅपटॉप उघडून बसली होती. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा सेमिनार, विषय अंगावरची सूज. बावीस स्लाइड तयार होत्या. मी तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय, त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं, "लॅपटॉप मिट आणि आजीला मराठीत सांग."

"आजी, केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी सतत बाहेर झिरपत असतं. रक्ताचा दाब त्याला बाहेर ढकलतो, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आत धरून ठेवतं. हा तोल बिघडला की सूज." शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगनं 1896 मध्ये मांडलेलं तत्त्व, छान सांगितलं. आजीनं लुगडं जरा वर घेतलं आणि घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तसाच राहिला.

"माझं हार्ट चांगलं, किडनी चांगली. मग हे कशानं गं? बीपीची गोळी बदलल्यापासून झालंय."

भाची गप्प. गोळी अ‍ॅम्लोडिपिनची. स्लाइडवर कारणांच्या यादीत 'औषधे' एवढाच शब्द होता. अर्धा तास पुस्तक धुंडाळून ती परत आली. "आजी, ही गोळी बारीक धमन्या सैल करते, पण पुढच्या शिरा तितक्या सैल होत नाहीत. नळ पूर्ण सोडलाय आणि मोरीचं तोंड तेवढंच, मग मध्ये पाणी तुंबतं."

"मग लघवीच्या गोळीनं उतरेल?"

"फारसं नाही. अंगात पाणी जास्त झालेलंच नाहीये. डॉक्टरांना विचारू, तोवर गोळी बंद करायची नाही हं."

हे आता ती विसरणार नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्यानं तो एकदा वाचून, मिटून, तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. आठवताना जी ओढाताण होते, तिनंच स्मृती पक्की होते.

सेमिनारमध्ये ही ओढाताण वाट्याला येते ती बोलणाऱ्याच्या. बाकी वर्ग स्लाइडचे फोटो काढतो. एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात निव्वळ व्याख्यानांना एक तृतीयांशाहून जास्त वेळ द्यायचा नाही, हे फार चांगलं झालं. पण शिक्षकाऐवजी विद्यार्थ्यानं स्लाइड वाचल्या, तर ते व्याख्यानच की! मला वाटतं, तयारी सगळ्यांनी करावी आणि कोण बोलणार याची चिठ्ठी सकाळी काढावी.

ऑनलाइन साधनांचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं दुप्पट वेगानं ऐकणं हे पुन्हा वाचण्यासारखंच. त्यापेक्षा गूगल फॉर्मवर पाच प्रश्न, प्रत्येकाच्या मोबाइलवर, नाव न दाखवता. मागच्या बाकावरच्या लाजऱ्या मुलालाही उत्तर शोधावं लागतं, आणि चूक नेमकी कुठे होतेय हे शिक्षकाला तिथल्या तिथे कळतं.

भाचीनं रात्री सोळा स्लाइड काढून टाकल्या. सेमिनारची सुरुवात आजीच्या घोट्यापासून केली, आणि लघवीच्या गोळीनं ही सूज उतरेल का, हा प्रश्न वर्गाला फॉर्मवर विचारला. बहुतेकांनी 'हो' लिहिलं. मग मोरी समजावली. तोच प्रश्न पुढच्या मंगळवारी ती पुन्हा पाठवणार आहे.