१९२ च्या आडोशाला लपलेलं अवतरणचिन्ह

कॉलेज रोडवरच्या क्लासला जाणाऱ्या माझ्या भाचीनं परवा विचारलं, "मामा, अवतरणचिन्ह दुप्पट केलं की डेटाबेस सुरक्षित ना?" बरेच जण असंच समजतात. शरणपूरच्या एखाद्या डिसोझांचं नाव इंग्रजीत लिहिलं की 'डी'पुढे अपॉस्ट्रॉफी येते. डेटाबेसला आज्ञा देण्याच्या एसक्यूएल या भाषेत मजकूर संपल्याची खूणही तीच. म्हणून ती दोनदा लिहायची, म्हणजे ती मजकुरातलीच धरली जाते. याला एस्केप करणं म्हणतात.

पण संगणकाला अक्षरं नव्हे, बाइट म्हणजे ० ते २५५ मधले अंक दिसतात. 'नाशिक' म्हणजे न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं. यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन, एकूण १५ बाइट. 'न' म्हणजे २२४, १६४, १६८. पहिला बाइटच सांगतो की मागून किती येणार, आणि मागचे कायम १२८ ते १९१ मधलेच. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये केलेली ही रचना मला आजही विलक्षण सुंदर वाटते. अवतरणचिन्हाचा बाइट ३९, त्यामुळे तो अशा वैध गटात शिरूच शकत नाही.

आता कुणी मुद्दाम १९२, ३९ पाठवले तर? १९२ ची ठेवण दोन बाइटांच्या चिन्हाची. तिनं फक्त ० ते ६३ हे अंक लिहिता येतात, आणि ते एका बाइटातच मावतात. म्हणून यूटीएफ-८ मध्ये १९२ निषिद्ध. पोस्टग्रेस या डेटाबेसचं एस्केप करणारं फंक्शन मात्र वैधता न तपासता दोन्ही बाइट एकत्र पुढे ढकलायचं. ३९ दुप्पट व्हायचा राहिला! पुढे पीएसक्यूएल हा पोस्टग्रेसला आज्ञा पाठवणारा प्रोग्रॅम तोच ३९ सुटा वाचून मजकूर संपला असं मानायचा आणि उरलेला भाग आज्ञा म्हणून चालवायचा. त्यात उलटी तिरपी रेघ आणि उद्गारचिन्ह (\!) असलं, तर थेट मशीनवरच्या आज्ञाही.

 

रॅपिड७ या सायबरसुरक्षा कंपनीच्या स्टीफन फ्यूअर यांनी ही फट शोधली; १३ फेब्रुवारी २०२५ ला पोस्टग्रेसच्या १७.३ आवृत्तीत ती बुजवली गेली. आता अवैध बाइटाच्या जागी सर्व्हर हमखास नाकारेल अशी जोडी ठेवतात आणि पुढचा ३९ वेगळा तपासतात. या दुरुस्तीतही दिलेल्या लांबीपलीकडे वाचण्याची चूक राहिली होती, आठवड्यानं १७.४ आली.

भाचीला म्हटलं, क्वेरी म्हणजे आज्ञा आणि तिच्यात भरायचा मजकूर वेगवेगळे पाठव, म्हणजे पॅरामीटर वापर. मग दुप्पट करायला अवतरणचिन्हच उरत नाही.