बाळंतपणातील इजा (ग्रामीण विदर्भ)

प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या जननमार्गाला, मूत्राशयाला, गुदाशयाला किंवा ओटीपोटाला तळातून आधार देणाऱ्या स्नायूंना झालेली आणि बाळंतपण उलटून गेल्यावरही टिकून राहणारी हानी म्हणजे बाळंतपणातील इजा. योनी आणि मूत्राशय किंवा गुदाशय यांच्यामध्ये पडणारे छिद्र (फिस्टुला किंवा नालव्रण), गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली व न शिवलेली फाट आणि गर्भाशय खाली उतरणे, म्हणजे बोलीतले ‘अंग बाहेर येणे’, हे तिचे मुख्य प्रकार होत.

फिस्टुला हा अडलेल्या बाळंतपणाचा परिणाम असतो. बाळाचे डोके कटीच्या हाडांत अडकून पडले आणि कळा मात्र एक-दोन दिवस चालूच राहिल्या, तर डोके व हाड यांच्यामध्ये मूत्राशयाची भिंत दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग मरतो. काही दिवसांनी तो गळून पडला की लघवी रात्रंदिवस आपोआप झिरपू लागते. अशा प्रसूतीत बाळ बहुधा मृतच जन्मते. काही स्त्रियांच्या पायाच्या नसाही दाबल्या जाऊन पाऊल लटके पडते. वेळेवर सिझेरियन झाले असते तर यांतले बहुतेक काही घडले नसते. गर्भाशय काढण्याच्या किंवा सिझेरियनच्या शस्त्रक्रियेतही अशी इजा होऊ शकते, हे येथे नोंदवले पाहिजे, कारण दोष नेहमी सुईणीच्याच माथी मारला जातो.

विदर्भात ‘वेळेवर’ या शब्दाचा अर्थ बव्हंशी अंतर आणि ऋतू ठरवतात. भामरागडहून गडचिरोलीचे जिल्हा ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्कच तुटतो. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत डोंगरवाटा हीच अडचण असते. 2005 साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आणि 2014 पासूनची 108 क्रमांकाची रुग्णवाहिका यांमुळे दवाखान्यातील बाळंतपणांना मोठे बळ मिळाले. तरी नाल्यापलीकडच्या पाड्यावरून अडलेल्या बाईला खाटेवर घालून आणण्याची वेळ अजून संपलेली नाही.

अंग बाहेर येण्याला लांबलेल्या कळा आणि पाठोपाठची बाळंतपणे यांच्याबरोबर बाळंतिणीला न मिळालेली विश्रांतीही हातभार लावते. पूर्व विदर्भात धानाची रोवणी चिखलात तासन्‌तास वाकून होते, पश्चिमेकडे कापसाची वेचणी आणि डोक्यावरचे ओझे असते. मजुरी बुडू नये म्हणून ओली बाळंतीणही कामाला लागते. ओटीपोटात जडपणा, कंबरदुखी, लघवी अडकणे किंवा सुटणे हे त्रास ती वर्षानुवर्षे सोसते, आणि हे बाईच्या जातीला असायचेच, असे तिला सासू-जावांकडूनही ऐकावे लागते.

हे मौन किती खोल आहे, ते डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांत केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 650 स्त्रियांची तपासणी झाली, त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. हे आकडे प्रसूतीतील इजांपुरते नाहीत, त्यांत जंतुसंसर्गांचा वाटा मोठा आहे. पण विचारल्याशिवाय बाई सांगत नाही, ही गोष्ट इजांनाही तितकीच लागू पडते. पुढे याच जिल्ह्यातील 39 गावांत 772 प्रसूतींचा मागोवा घेणारा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दहा टक्के स्त्रियांच्या कळा प्रमाणाबाहेर लांबल्याचे आढळले.

उपचार जुने आणि खात्रीचे आहेत. फिस्टुला लहान व ताजा असेल, तर काही आठवडे लघवीची नळी ठेवून तो कधीकधी आपोआप भरतो. एरवी सूज व जंतुसंसर्ग ओसरल्यावर, बहुधा तीन महिन्यांनी, शस्त्रक्रियेने छिद्र बंद करतात. इथिओपियात अदिस अबाबा येथे कॅथरीन व रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याने 1974 मध्ये याच रोगासाठी रुग्णालय उभारले. तेथवर पोहोचणाऱ्या पाच स्त्रियांवरील ‘अ वॉक टू ब्यूटिफुल’ (2007) या माहितीपटातील वाटचाल दुर्गम विदर्भातील प्रेक्षकाला परकी वाटू नये. अंग थोडे खाली आले असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम व योनीत बसवायची रिंग पुरते. जास्त असल्यास शस्त्रक्रिया लागते. त्यासाठीचे स्त्रीरोग विभाग सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूर, यवतमाळ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांत आहेत. फिस्टुला बरा झालेल्या स्त्रीचे पुढचे बाळंतपण सिझेरियनने करावे लागते; म्हणून घरी परतताना हे तिच्या नवऱ्याला, सासूला आणि गावच्या आशाताईंना स्पष्ट सांगून ठेवणे, हा उपचाराचाच भाग ठरतो.